आधी शेंगा, मग गौर

पहाटे पाच

पंचांगात आज अनुराधा नक्षत्र आहे, म्हणजे गौर यायचा दिवस. दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत बहुतेक घरांतली गौर तेरड्याची असते. कुठे मुखवट्यांच्या गौरी मांडतात, कुठे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या. आमच्याकडे मुळांसकट उपटलेली तेरड्याची रोपं एकत्र बांधून त्यांनाच साडी नेसवतात. मुळं तुटलेली चालत नाहीत. तीच गौरीची पावलं.

पूर्वी ही रोपं सड्यावरून, शेताच्या बांधांवरून यायची. हल्ली बरीचशी आमच्या आगरातून जातात. माड-पोफळींच्या सावलीत, गडग्याच्या पायथ्याशी आणि विहिरीजवळच्या ओलीत मी तेरडा राखते. म्हणजे बी सांभाळते, दाटी विरळ करते आणि गौरीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून आगरात जाते.

बॅटरी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. पोफळींवरून थेंब गळत होते. रोपं उपटायला अजून अवकाश आहे, बायका नऊनंतर येतील. त्याआधी पिकलेल्या शेंगा उतरवायच्या असतात आणि उजाडायची वाट बघत बसलं तर वेळ पुरत नाही.

तेरड्याची अडचणच अशी आहे. मृगाच्या पावसावर तो उगवतो, दोनेक महिन्यांत फुलावर येतो आणि भाद्रपदात गौरी येतात तेव्हा एकाच रोपावर शेंड्याला कळ्या, मध्ये फुलं आणि बुडाशी शेंगा असं सगळं एकदम असतं. पाऊस सरला, ऊन तापलं की रोप वाळून जातं. त्याला कंद नाही, खोड टिकत नाही. पुढचं वर्ष म्हणजे निव्वळ बी. आणि नेमकं बी धरत असतानाच आपण त्याला मुळासकट उपटतो.

म्हणून या आगरात एक नियम आहे. आधी शेंगा, मग गौर.

सहा ते आठ

उजाडताना आगर हिरव्या अंधाराने भरलेलं असतं. त्यात तेरड्याचे रंग एकेक करून उमटतात. आधी पांढरा दिसतो, मग फिकट गुलाबी, गर्द राणी रंग सगळ्यात शेवटी. वाडीतला जुना तेरडा एकेरी फुलाचा, गुलाबी आणि जांभळट. पाकिटातल्या बियांचा दुहेरी, गुलाबासारख्या भरगच्च फुलांचा तेरडा अंगणाच्या कडेला वेगळा आहे. तो देखणा आहे, पण गौरीला मी जुनाच देते. त्याचं खोड रसाळ, बुडाशी तांबूस आणि सरळ असतं. साडी नेसवल्यावर गौर डौलाने उभी राहते.

शेंग बोटाच्या पेराएवढी, दोन्ही टोकांना निमुळती, अंगावर मऊ लव. कच्ची असते तेव्हा गर्द हिरवी. पिकत आली की फिकी पडते, टच्च होते आणि तिच्या शिवणी उठून दिसायला लागतात. अशा शेंगेला चिमटीत धरायला गेलं की संपलंच. तिच्याभोवती आधी मूठ मिटायची, मग हलकेच दाबायचं. ती मुठीत फुटते तेव्हा तळहातात अळी वळवळल्यासारखं होतं. लहानपणी किंचाळून हात झटकलेला नाही असं मूल कोकणात सापडायचं नाही.

या वळवळीमागचं काम फार नेमकं आहे. शेंगेच्या पाच फाका असतात. पाण्याने तट्ट फुगलेल्या पेशींमुळे त्या आतल्या आत ताणलेल्या राहतात आणि शिवणीतल्या चिवटपणामुळे एकमेकींना धरून असतात. पिकल्यावर शिवणी कमकुवत होतात. मग वारा, थेंब, मुंगी, पदराचा फटकारा, काहीही निमित्त पुरतं. सेकंदाच्या काही हजारांश भागात फाका आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बिया उडतात. थोड्या जवळच पडतात, काही पाच-सहा हात लांब. वारा, पक्षी, पाणी यांच्यावर अवलंबून न राहता ही एवढीशी वनस्पती स्वतःच्या बळावर पुढच्या पिढीला जागा शोधून देते. दरवर्षी बघूनही मला त्याचं नवल वाटतं.

आज तिच्यासाठी हे काम मी करते, कारण तिची मुदत मीच कमी करणार आहे. रांगेत वाकून बुडापासून वर जायचं. पिकलेली प्रत्येक शेंग मुठीत फोडायची. पहिल्या मुठी मातीच्या, त्याच जागी, त्याच ओळीत पसरायच्या आणि वरून पाचोळ्याचा पातळ थर ओढायचा. निम्म्याहून जास्त बी असं जागच्या जागी जातं. उरलेलं कमरेच्या पिशवीत. कच्च्या शेंगा तोडायच्या नाहीत. तोडल्या तरी बी पोसत नाही.

साडेआठ

ऊन आलं. आमच्या आगरात सकाळचं ऊन थेट येत नाही, झावळ्यांतून गाळून येतं. जमिनीवर त्याचे कवडसे पडतात आणि वाऱ्याबरोबर हलतात. तेरड्याला हवं ते एवढंच. गडग्याबाहेर उघड्यावर पडलेल्या बियांची रोपंही येतात, पण दोन दिवस पाऊस उघडला की अकरालाच माना टाकतात. खोडात पाणीच पाणी आणि पानं पातळ, मग उन्हाचा मारा झेपणार कसा? उलट फणसाखालच्या दाट काळोखात ती उंच, बारीक होतात आणि फूल धरत नाहीत. पोफळीखाली मात्र एकेक रोप मांडीएवढं उंच होतं आणि पानापानाच्या बगलेत फुलतं. घराच्या मागे सावली आहे म्हणून काही फुलत नाही अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी इथे आणून उभं करते.

ऊन आलं तसे पाहुणे आले. सातेरीच्या माश्या आणि निळ्या पट्ट्यांची ती चपळ माशी, जी फुलापुढे क्षणभर अधांतरी थांबते आणि मग आत शिरते. फुलाच्या मागे खाली वळलेली बारीक सोंड असते. मध तिच्या टोकाला. तिथवर जीभ पोचवायला माशीला फुलात घुसावं लागतं आणि घुसताना तिची पाठ वरच्या परागकोशांना घासते. पाचही पुंकेसर एकत्र जुळून स्त्रीकेसरावर टोपी घातल्यासारखे बसलेले असतात. ही टोपी गळून पडेपर्यंत फूल फक्त पराग देतं. टोपी पडली की खालचं टोक उघडं होतं आणि तेच फूल पराग घ्यायला लागतं. एकाच फुलाचे असे दोन कालखंड. तेरड्याचा रंग तीन दिवसांचा, असं म्हणून आपण त्याला कायमचं उथळ ठरवून टाकलं आहे. एकेका फुलाचे दिवस थोडेच असतात हे खरं. पण त्या दिवसांत देणं आणि घेणं दोन्ही उरकून ते शेंग मागे ठेवून जातं, आणि वरची फुलं आठवडेच्या आठवडे उमलत राहतात. मला ही म्हण अन्यायाची वाटते.

देठांवर बारीक ग्रंथी असतात, त्यांतूनही गोड रस पाझरतो. त्यासाठी मुंग्या दिवसभर खोडावर ये-जा करतात. मी त्यांना हटकत नाही.

नऊ ते अकरा

बायका आल्या. कुणी परडी घेऊन, कुणी सूप. कुणाबरोबर मुंबईहून आलेली नात, हातात मोबाईल, फोटो काढत. प्रत्येक घराला पाच-सात रोपं लागतात. मी रोपाच्या बुडाभोवती माती सैल करते आणि खोड अगदी खाली धरून ओढते. ओल्या मातीतून मुळं अलगद निघतात. पांढरी, तांबूस झाक असलेली, भरपूर फाटे फुटलेली. विहिरीच्या पाण्यात ती धुऊन दिली की पावलं स्वच्छ.

शेजारच्या काकींनी रोप हातात घेऊन खालीवर पाहिलं. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे आणि गौर त्यांच्याइतकी कुणाला नटवता येत नाही.

"शेंगा सगळ्या काढल्यास गो? गौर ओकीबोकी दिसंल."

"पिकलेल्या तेवढ्याच काढल्यात, काकी. फुलं बघा किती आहेत."

"पूर्वी न्हवतं असलं काय. सड्यावर जायाचं नि उपटून आणायचं."

"सड्यावर आता आहे का तेरडा?"

काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाय. पऱ्ह्यापलीकडं हाय थोडा."

सड्याखालच्या उतारावर काजूच्या बागा आल्या. तण काढायला माणसं मिळत नाहीत, म्हणून बांधांवर तणनाशक मारतात. बांध पिवळे पडतात आणि कुर्डू, आघाडा, तेरडा सगळं एकदम जातं. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा उगवायला बी उरत नाही. बागाईतदारांची अडचण मला कळते, मजुरी मलाही द्यावी लागते. पण बांधावरचा हात-दोन हातांचा पट्टा फवाऱ्यातून सोडला, तरी गौरीपुरता तेरडा गावात राहील. हे मी दरवर्षी सांगते आणि दोन घरांनी ते ऐकलं आहे.

काकींच्या नातीला मी एक शेंग दाखवली. तिने बोट लावलं, शेंग फुटली आणि ती जोरात ओरडली. मग तिने पुढच्या अर्ध्या तासात ओळीतली एकही पिकलेली शेंग शिल्लक ठेवली नाही. माझं काम हलकं झालं.

साडेअकरा

लेकीचा दादरहून फोन. फुलबाजाराच्या रस्त्यावर तेरड्याच्या जुड्यांचे ढीग लागले आहेत म्हणाली. पालघर, शहापूर, कर्जतकडच्या आदिवासी बायका आदल्या दिवशीच भारे घेऊन येतात आणि रात्र फुटपाथवर काढतात. तेरड्याबरोबर कुर्डू, आघाडा, कळलावी, हळदीची पानं. शहरातल्या कितीतरी घरांची गौर या बायकांच्या पाठीवरून येते. त्यांना कोणती वनस्पती कुठे, कधी मिळेल याची जी जाण आहे, ती फारशी कुणी लिहून ठेवलेली नाही. जुडी घेताना घासाघीस करू नकोस, एवढं मी लेकीला सांगितलं.

दुसरंही सांगितलं. जुडी घरी आणलीस की वर्तमानपत्र पसरून त्यावर झटक. पिकलेल्या शेंगा फुटतील, बी कागदावर पडेल. ते पुडीत ठेव. नाहीतर ते लोकलच्या डब्यात, फलाटावर, आणि उरलेलं विसर्जनाच्या पाण्यात जातं. जंगलाच्या कडेने उगवलेलं बी शेवटी सिमेंटवर पडावं, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी बारा ते दोन

घरची गौर आणली. विहिरीवर पूजा, सुनेच्या हातात रोपं, उंबऱ्यावर दूध-पाण्याने पाय धुणं, कुंकवाची पावलं, माजघर, कोठीची खोली, चूल असं सगळं घर तिला दाखवत नेणं. आजचा नैवेद्य भाजी-भाकरीचा. पुरणाचं उद्या, पूजनाला. परवा मूळ नक्षत्रावर ती जायची.

नैवेद्य दाखवून जेवायला बसलो आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली.

अडीच

पाऊस कोसळत असला की आगरात काम होत नाही. पडवीत बसून मी जुनी वही काढली. वहीच्या पानांत तेरडा दाबून ठेवायचा प्रयत्न ज्याने केला असेल त्याला ठाऊक आहे की चार दिवसांनी तिथे एक करडा डाग उरतो. पाकळ्या इतक्या नाजूक आणि रसाळ की वाळताना एकमेकींना चिकटून त्यांचा आकारच नाहीसा होतो. या एका खोडीने भल्याभल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना दमवलं. जोसेफ डाल्टन हूकर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १८५९च्या सुमारास त्यांनी थॉमस थॉमसन यांच्याबरोबर भारतातल्या तेरड्यांची नोंद केली. पुढे ब्रिटिश भारतातल्या वनस्पतींचे सात खंड त्यांच्या देखरेखीखाली १८९७पर्यंत पूर्ण झाले. एवढं झाल्यावर कुणीही विसावा घेतला असता. हूकर उतारवयात पुन्हा तेरड्याकडे वळले. वाळलेले नमुने भिजवून त्यांची सुरकुतलेली फुलं भिंगाखाली उलगडायची आणि एका जातीला दुसरीपासून वेगळं करायचं, हे काम त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत केलं. १९११ साली ते गेले तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते.

जगात तेरड्याच्या कुळात हजाराहून अधिक जाती आहेत. सह्याद्री त्यांचं मोठं माहेर आहे. आपल्या आगरातला हा तेरडा शास्त्रात 'इंपेशन्स बाल्समिना'. पहिला शब्द लॅटिन, उतावळ्याला म्हणतात तो. कासच्या पठारावर लालगुलाबी गालिचे पसरतात ते याच्याच भाऊबंदांचे. सह्याद्रीच्या जंगलात एक पिवळ्या फुलांचा तेरडा आहे, 'इंपेशन्स डाल्झेली'. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १८६१ साली पुस्तक लिहिणाऱ्या डाल्झेल यांचं नाव त्याला दिलं आहे. ओल्या कातळाला चिकटून, पाण्याच्या झिरपणीवर जगणारीही एक जात आहे. पावसाळ्यात घाट उतरताना धबधब्याच्या बाजूचा कातळ बघितला तर ती दिसते. लोक धबधब्याचे फोटो काढतात आणि तिच्यावर पाठ टेकतात.

चार

पाऊस थांबला. आडव्या झालेल्या रोपांना आधार द्यायला पुन्हा आगरात. एका रोपाची पानं रात्रीत खाल्लेली दिसली. खाली पाहिलं तर बोटाएवढा सुरवंट, शेपटीवर काटा, अंगावर डोळ्यांसारख्या ठिपक्यांच्या रांगा. भिरभिरत फुलांवर येणारा मोठा पतंग याच्यातूनच होतो. तेरडा त्याचं आवडतं खाद्य. मी त्याला उचलून कडेच्या रोपांवर सोडलं. ती रोपं त्याचीच.

बुडाशी पाणी साचलेल्या दोन रोपांची खोडं मऊ पडली होती. ती काढून आगराबाहेर टाकली. तेरड्याला ओल हवी पण डबकं नको, म्हणून ओळींमधून चर काढून पाणी खालच्या बाजूला वळवलं.

रोपवाटिकांत कुंडीतला एक ठेंगणा 'इंपेशन्स' मिळतो, चपट्या फुलांचा, तोही सावलीतच फुलणारा. तो मूळचा पूर्व आफ्रिकेचा. युरोप-अमेरिकेत सावलीच्या बागा याच एका झाडाने भरलेल्या होत्या. २००३ साली ब्रिटनमध्ये त्याच्यावर केवडा रोगाची साथ आली आणि २०११-१२मध्ये अमेरिकेतल्या बागाच्या बागा पानं गळून उघड्या पडल्या. सगळीकडे एकच झाड, तेही जवळच्या नात्याचं, मग रोगाला अडवणार कोण? मी दुहेरी, एकेरी, पांढरा, राणी, जांभळा असे सगळे तेरडे राखते आणि जुन्या वाणाचं बी चार घरांत वाटून ठेवते, ते यासाठीच.

साडेपाच

पोरी नखं रंगवायला जमल्या. गळालेल्या आणि मुद्दाम तोडलेल्या गर्द पाकळ्या, दोन पानं, तुरटीचा खडा, सगळं पाट्यावर वाटायचं. गोळा नखांवर ठेवून वर पान बांधायचं आणि तासन्‌तास सोडायचं नाही. मेंदीच्या पानांत जे रंगद्रव्य असतं तेच तेरड्यातही असतं. म्हणून हिंदीत त्याला गुलमेहंदी म्हणतात. कोरियातल्या मुलीही उन्हाळ्यात याच फुलाने नखं रंगवतात. पहिलं बर्फ पडेपर्यंत रंग टिकला तर पहिलं प्रेम साधतं अशी तिकडे समजूत आहे. हे सांगितल्यावर थोरल्या पोरींनी उरलेला गोळा वाटून घेतला.

सात ते नऊ

सांजवात झाली. पडवीत सूप घेऊन बसले. सकाळचं बी निवडायचं. गोलसर, तपकिरी, मोहरीपेक्षा थोडं मोठं. शेंगांच्या सालपटांचे तुकडे पाखडून काढायचे. फिकट, हलकं बी बाजूला, ते रुजत नाही. उरलेलं रंगवार कागदांवर पसरलं. चुलीच्या उबेला आठवडाभर वाळेल, मग राखेत घोळवून डब्यात. पांढऱ्याच्या कळ्यांवर मी फुलं उमलण्याआधीच मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि पराग हाताने लावले होते. माश्या एका रंगावरून दुसऱ्यावर जातात. त्यांच्यावर सोडलं तर पुढच्या वर्षी पांढऱ्यातून गुलाबी निघतो.

आगराच्या दक्षिण टोकाची एक ओळ आज कुणालाही दिली नाही. देतही नाही. तिथली रोपं आपापल्या गतीने वाळतील, शेंगा आपापल्या वेळी फुटतील. मुठीने पसरलेल्या बियांपेक्षा त्या ओळीतली उगवण नेहमीच सरस असते.

आरती झाली. माजघरात झिम्मा सुरू झाला तेव्हा काकींची धाकटी सून माझ्याजवळ येऊन बसली. बदलापूरला राहते. "काकू, आमच्या गॅलरीत ऊनच येत नाही. सकाळी तासभर येतं तेवढंच. येईल का तेरडा?"

"त्यालाच तर येईल."

मी तिला एकेरी गुलाबीचं बी बांधून दिलं. कुंडी निदान वीतभर खोल हवी, खाली भोक मोठं हवं, मातीत निम्मं शेणखत, आणि एका कुंडीत दोनच रोपं.

"पेरू कधी? आता परत गेल्यावर?"

"आता नाही. वाळू दे आधी. रोहिणी संपून मृग लागला, दोन चांगल्या सरी पडल्या की टाक. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढीच माती. आठ-दहा दिवसांत वर येईल. आणि पुढच्या वर्षी गौरीला इथे येशील तेव्हा तुझ्या कुंडीतलं बी घेऊन ये. आमच्याकडे पावसाने काही झालं, तर तुझ्याकडचं असेल."

तिने पुडीवर पेनाने तारीख घातली आणि खाली लिहिलं, गुलाबी, एकेरी, सावली.